देउझारिनाचे हात

मानाउस शहराच्या इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्टमधल्या तिसऱ्या बस स्टॉपवर देउझारिनाची टपरी आहे; गिऱ्हाइकं तिला मानाने दोना देउझा म्हणतात. पहिल्या पाळीच्या बसगाड्या आल्या की तिला मान वर करायलाही सवड नसते. एका हातात तुकुमा या ताडफळाचे काप नि चीज घातलेला गरम पाव, दुसऱ्या हातात कॉफी, असे शंभर-सव्वाशे लोक तिच्यासमोरून कारखान्यांच्या फाटकांकडे पळत असतात. शनिवारी मात्र निम्मे कारखाने बंद. मग ओडेनिर मास्तर येतो, लाकडी बाकावर ठाण मांडतो आणि बोलत सुटतो. मास्तर भूगोल शिकवतो. एकदा तोंड उघडलं की नदीच्या उगमापासून निघाला तो मुखाशी पोचल्याशिवाय थांबत नाही.

त्या शनिवारी मात्र त्याची नदी पहिल्याच वळणावर अडली होती.

"दोना देउझा, मी हात टेकले," तो म्हणाला. "फ्यूज बदलला. वीज देणारा डबा मीटर लावून तपासला, तो ठणठणीत. चिपा उपटून त्यांचे पाय शाळेच्या खोडरबराने घासले, परत बसवल्या. लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर काळोख. नुसता काळोख!"

"टीव्ही लावला होता ना, मास्तर?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मास्तरने त्यांच्याकडे नापास मुलांकडे बघावं तसं बघितलं.

"करा चेष्टा. माझ्या बापाने मला अकराव्या वर्षी घेऊन दिलेला कॉम्प्युटर आहे तो. देशाच्या दक्षिणेकडच्या, जुन्या कॉम्प्युटरांच्या हौशी मंडळींना फोनवर विचारलं, तर एक म्हणतो बोर्ड भट्टीत भाज, दुसरा म्हणतो फ्रीजमध्ये ठेव. तिसरा म्हणाला, अरे, तू मानाउसचा ना? तुमच्याच गावात बनलंय ते. बनवणाऱ्याला विचार. आता छत्तीस वर्षांनी मी कुठे जाऊन कुणाला विचारू?"

"कुठला कॉम्प्युटर?"

"तो काळा. नारिंगी बटणांचा."

पाव कापणारी सुरी थांबली. देउझारिनाने सुरी पुसली, खाली ठेवली, आणि अगदी साधं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "साल कुठलं?"

"सत्त्याऐंशी. आत चिठ्ठी चिकटवलेली आहे. मार्च सत्त्याऐंशी."

"घेऊन या," ती म्हणाली. "दुपारी घरी आणा. मी बघते."

"तुम्ही?"

"बनवणाऱ्याला विचारायचंय ना? मग?"

मास्तर हरखून गेला. देउझारिना पुढची कॉफी ओतायला वळली.

देउझारिना सव्वीस वर्षांची असताना त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात चौदा नंबरच्या बाकावर बसायची. काळे कॉम्प्युटर तिथे बनायचे. पट्ट्यावरून बोर्ड सरकत यायचा. यंत्राला न जमणारे जाड पायांचे पार्ट तिने हाताने लावायचे, सोल्डर करायचे आणि आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन बोर्ड पुढे सारायचा. चौदा नंबरचा रंग लाल. पंधरा नंबर निळा, तिथे लिंडाल्वा बसायची. देउझारिनाचा सांधा चांदीच्या थेंबासारखा गोल बसतो असं सुपरवायझर लौरिवालसुद्धा म्हणायचा, आणि तो कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

पट्टा कुणासाठी थांबत नसे. म्हणून बायकांनी आपली एक रीत पाडली होती. एखादीला कळ आली, घरची काळजी लागली, तर शेजारणीने तिचे बोर्ड ओढून घ्यायचे, करायचे, आणि ठिपका मात्र तिच्याच रंगाचा द्यायचा. म्हणजे तिचा दिवसाचा आकडा पुरा. आणि हात कुणाचा होता हे नंतर कुणीही, कुणालाही सांगायचं नाही. ठिपका जिचा, काम तिचं. या रीतीवर किती संसार तगले त्याची गणती नाही. मला तर वाटतं त्या इमारतीत सगळ्यात पक्कं जोडलेलं काही असेल तर ती रीतच.

सत्त्याऐंशीच्या कार्निव्हलनंतर देउझारिनाला मलेरिया झाला. रजा मागितली तर जागा जाणार, म्हणून नऊ दिवस ती तापातच कामावर गेली. थंडी भरली की गोदामात रिकाम्या खोक्यांवर जाऊन पडायची. उतरली की बाकावर येऊन थरथरत्या हातांनी सोल्डरचं आयर्न धरायची. मधल्या वेळातले बोर्ड लिंडाल्वाने ओढले. किती, ते देउझारिनाने विचारलं नाही. तसं विचारायचंच नसतं.

दोन महिन्यांनी दक्षिणेतून खोकी परत यायला लागली. कॉम्प्युटर सुरूच होत नाहीत. लौरिवालने काचेच्या खोलीत टेबलावर बोर्डांची रास लावली आणि दारातूनच देउझारिनाला दाखवली. सगळ्यांवर लाल ठिपका. तिने तोंडातून ब्र काढला नाही. कसा काढणार? रीत होती. आणि रीत नसती तरी तिला मनातून खात्रीच होती, की कापरे हात आपले होते, तेव्हा पाप आपलंच.

त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. डिस्ट्रिक्टमध्ये बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढे कुठल्याही फाटकाने तिला आत घेतलं नाही. तिने टपरी टाकली. टपरी चांगली चालली, पोटापाण्याची ददात पडली नाही. पण त्यानंतर तिने आयर्न कधी हातात धरलं नाही. घरचा रेडिओ बंद पडला तरी दोन गल्ल्या चालत जाऊन दुसऱ्याकडून करून आणायची. शेजारी म्हणायचे, अगं तू तर कारखान्यातली! ती म्हणायची, माझे हात त्या कामाचे नाहीत.

लिंडाल्वा कारखान्यात राहिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली, सुएलानी. पोटुशी असल्याचं तिने सैल कोटाआड सात महिने लपवलं होतं. कळलं असतं तर तिलाही घरी बसवलं असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीची मद्रिन्या, म्हणजे धर्माची आई, म्हणून तिने देउझारिनालाच उभं केलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि लिंडाल्वा दर रविवारी दुपारी देउझारिनाकडे मासे खायला येते. सुएलानी आता तिथल्याच एका कारखान्यात तयार माल तपासते, चांगल्या हुद्द्यावर आहे. लाडाकोडाची, तोंडाने तिखट. एकदा भरल्या ताटावर ती हसत म्हणाली होती, "मद्रिन्या, तुझे बोर्ड माझ्या हाताखाली आले असते ना, तर मीच परत पाठवले असते." सगळे हसले. देउझारिनाही हसली. त्या रात्री ती जेवली नाही.

तर तो कॉम्प्युटर तिला बघायचा होता तो एवढ्याचसाठी. मास्तरच्या बापाच्या आठवणीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. काचेच्या खोलीतली रास तिने कधी हातात घेऊन पाहिली नव्हती. आता एक बोर्ड घरी चालत येणार होता, त्याच महिन्यातला. आपले हात खरंच तेवढे वाईट होते का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच जाणून घ्यायची तिला धास्तीही होती.

दुपारी मास्तर आला तो खांद्यावर टीव्ही, काखेत कॉम्प्युटर आणि गळ्यात पिशवी अशा थाटात. पिशवीत नवंकोरं सोल्डरिंग आयर्न होतं.

"हे कधी वापरलंत?"

"छे! भाजतं ते. नुसतं आणून ठेवलंय."

"आणि हा पहिल्यापासून असाच?"

"पहिल्यापासून आडमुठा. कधी सुरू व्हायचा, कधी नाही. बाबा डाव्या कोपऱ्यावर एक चापट मारायचे, की चालायचा. पुढे चापटीलाही दाद देईना, मग कपाटावर गेला."

"डाव्या कोपऱ्यावर," देउझारिना म्हणाली. "खोडरबर फिरवायच्या आधी हे सांगायचं होतंत, मास्तर. चापटीने चालतो म्हणजे कुठेतरी सांधा कच्चा आहे. चिपा बिचाऱ्या काय करतील?"

तिने झाकण काढलं. डाव्या कोपऱ्यात, वीज आत येते तिथे, काळपट पडलेला लाल ठिपका होता. तिचा ठिपका. तिने चष्मा पुसला, परत घातला, आणि ठिपक्याकडे न बघता मास्तरला म्हणाली, "टीव्ही जोडा."

मग तिने मांस भाजायची लाकडी काडी घेतली आणि चालू बोर्डावर काडीच्या टोकाने एकेक पार्ट हलके दाबत निघाली. चिपांवर काही नाही. मधल्या रांगेत काही नाही. डाव्या कोपऱ्यातल्या जाड तारेच्या वेटोळ्यावर काडी टेकली, आणि टीव्हीवर निळा चौकोन लकाकून गेला.

"दिसलं! दिसलं!" मास्तर ओरडला.

"ओरडू नका. बंद करा, पिन काढा."

तिने बोर्ड उपडा केला, खिडकीशी नेला आणि भिंग लावलं. जाड पायांच्या पाच पार्टांपैकी दोहोंचे सांधे गोल, चकचकीत होते, छत्तीस वर्षांनीसुद्धा. उरलेल्या तिन्हींचे मळकट, फुगलेले, आणि पायाभोवती केसासारखी बारीक भेग. जाड पायाला आयर्न चार आकडे मोजेपर्यंत टेकवावं लागतं; इथे कुणीतरी दोन मोजून पळालं होतं. आपणच, असं देउझारिनाला वाटलं, आणि तिने भिंग खाली ठेवलं.

मग परत उचललं. काहीतरी तिच्या डोळ्याला खुपत होतं.

पार्ट भोकात घातला की तो पडू नये म्हणून त्याचे पाय खालून जरा वाकवायचे असतात. ती उजवीकडे वाकवायची. तिच्या हाताला तसंच वळण होतं. गोल सांध्यांचे पाय उजवीकडे वाकले होते. भेगाळलेल्या तिन्हींचे डावीकडे. त्या ओळीत डावखुरी बाई एकच होती.

"दोना देउझा? काय झालं?"

"काही नाही. सापडलं."

"मग करा ना दुरुस्त!"

"उद्या," ती म्हणाली. "उद्या दुपारी या. आयर्न इथेच ठेवा."

मास्तर गेल्यावर ती बराच वेळ बोर्ड मांडीवर घेऊन बसली. आधी तिला हसू आलं. थरथरत्या हातांनी, तापात केलेले ते दोन सांधे! चांदीचे थेंब! मग राग आला, असा, की उठून जावं आणि लिंडाल्वाचं दार ठोठावावं. कच्चे सांधे झाले त्याचा राग नव्हता. दोन बाकांचं काम एकटीने, तेही पोटात मूल घेऊन ओढायचं म्हणजे चारऐवजी दोनच मोजले जाणार, हे तिला न सांगता कळत होतं. पण पुढे? रविवारचे रविवार गेले. एक रविवार नव्हता सांगायला?

दुसऱ्या दिवशी लिंडाल्वा नेहमीसारखी आली, हातात फारिन्याची, म्हणजे कसाव्याच्या पिठाची, पिशवी, तोंडात गल्लीच्या बातम्या. मास्तर आधीच येऊन बसला होता. लिंडाल्वाने त्याला नमस्कार केला, आणि मग टेबलावर उपडा ठेवलेला बोर्ड तिला दिसला. बातमी अर्ध्यावर राहिली.

"हा कुठला, कोमाद्रे?"

"मास्तरांचा. सुरू होत नाही. बघ जरा, तुझी नजर माझ्याहून चांगली."

लिंडाल्वाने भिंग घेतलं नाही. वाकून नुसतं बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"माझे आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तेव्हाच कळलं होतं मला. लौरिवालने रास मांडली तेव्हा मी काचेबाहेर उभी होते. डावीकडे वाकलेले पाय मला बाहेरूनही दिसले. मी आत यायला निघालेसुद्धा. पण मग पोर पोटात लाथ मारायला लागली, आणि..." तिने हाताने तोंड पुसलं. "नंतर म्हटलं, बाळंत झाले की सांगेन. मग म्हटलं, बाप्तिस्म्याला सांगेन. मग दर रविवारी म्हटलं. येते, तुझ्या हातचं खाते आणि न सांगता परत जाते. कोमाद्रे, मला वाटायचं तुला माहीत असेल. वाटायचं, मनाच्या मोठेपणाने गप्प बसलीस."

"मनाचा मोठेपणा!" देउझारिनाचा आवाज चढला. "नोकरी गेली त्याचं मला काही नाही गं. तू सांगितलं असतंस तर तुझीही गेली असती, पोर उपाशी राहिली असती. मीच तुला म्हटलं असतं, गप्प राहा! पण मला सांगायचंस. मला एकटीला, कानात सांगायचंस, की देउझा, तुझे हात चांगले होते. छत्तीस वर्षं मी माझ्या हातांना नावं ठेवली. रेडिओ दुसऱ्याकडे नेला मी, रेडिओ!"

लिंडाल्वा रडत होती. मास्तर उठून बाहेर जावं की बसावं या विचारात अर्धवट उभा होता.

"बसा, मास्तर. काम तुमचंच आहे," देउझारिना म्हणाली आणि तिने आयर्नची पिन लावली.

आयर्न तापलं. मग तिने पहिल्या पायावर टोक टेकवलं आणि मोठ्याने मोजलं. एक. दोन. तीन. चार. जुनं सोल्डर वितळून चमकलं, तिने ते काढून घेतलं, नवी तार टेकवली, पुन्हा चार मोजले. हात कापेल असं तिला वाटत होतं. हात कापला नाही. बोटांना सगळं आठवत होतं, तिच्यापेक्षा जास्त. तिसरा सांधा झाल्यावर तिने फुंकर मारली आणि भिंगातून एकदा बघून घेतलं, कुणी बघत नाही असं समजून.

"लावा."

मास्तरने बटण दाबलं. काळोख गेला, निळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि खाली लुकलुकणारा चौकोन. चापट नाही, काही नाही. मास्तरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि नुसता बघत राहिला. मग त्याने एका बोटाने आपल्या बापाचं नाव टाइप केलं. कॉम्प्युटरला ते काही समजलं नाही, त्याने चूक दाखवली. मास्तरला चालणार होतं.

देउझारिनाने आयर्न बंद केलं.

"कोमाद्रे, मी सगळ्यांना सांगते," लिंडाल्वा म्हणाली. "पेन्शनवाल्या बायकांच्या बैठकीत उभी राहून सांगते. लौरिवाल म्हातारा अजून आहे, त्याच्या दारात जाऊन सांगते."

"लौरिवाल गेला खड्ड्यात. सुएलानीला सांग."

लिंडाल्वाचा चेहरा उतरला. बैठकीत उभं राहणं सोपं होतं.

"आज रविवार आहे, घरी असेल ती," देउझारिना म्हणाली. "लाव फोन. मला ऐकू येईल असा लाव."

लिंडाल्वाने फोन टेबलावर ठेवला. पलीकडून सुएलानीचा आवाज आला, "बोल, आई. आज मद्रिन्याने काय तळलंय?"

"बाळा, ऐक. मद्रिन्याला कारखान्यातून काढलं ना, ते बोर्ड तिचे नव्हते. माझे होते. ती आजारी होती, मी तिचं काम ओढलं, आणि खराब केलं. ठिपका तिचा होता, हात माझा होता. आज एक बोर्ड उघडला, त्यात तिचे दोन सांधे आहेत. तू बघायला हवेस. तू आजवर तपासलेलं काही त्यांच्या तोडीचं नाही."

सुएलानी बारीक आवाजात म्हणाली, "आणि मी तिला म्हटलं होतं... देवा. मद्रिन्याला कळलं?"

"कळलं. समोरच बसलीये."

मग सुएलानीने कामावर विचारते तशा आवाजात विचारलं, "आणि तुला, आई? तुला कधी कळलं?"

लिंडाल्वा खुर्चीत मागे सरकली. देउझारिनाला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. तिचा राग अजून तसूभरही कमी झाला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, आणि का जावा? पण लेकीच्या एका प्रश्नापुढे म्हातारी अशी आक्रसून बसलेली तिच्याने बघवेना. तिने हात लांब करून फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"तिला कुठून कळणार, पोरी?" ती म्हणाली. "तिलाही आजच कळलं. मीच दाखवलं तिला."